पिसाळलेला की भेदरलेला? : मुंबईचे श्वान आणि वादळाचे दिवस

‘शेपूट घालणे’ हा मराठीतील नित्य वापरातला वाक्प्रचार. प्रसंग पडताच कच खाणाऱ्या माणसाविषयी तो उपहासाने योजला जातो. हा उपहास कुत्र्याच्या एका शरीरावस्थेवरून उचललेला आहे, ह्याचे योजणाऱ्याला बहुधा स्मरणही नसते. कुत्रा भ्याला म्हणजे पाठ आखडतो, कान मागे पाडतो आणि शेपूट मागल्या दोन पायांमध्ये दाबून धरतो. ज्या कोणी हा वाक्प्रचार प्रथम घडविला त्याचे निरीक्षण अचूक होते. नवल एवढेच की, भाषेने ही अवस्था टिपली ती माणसाच्या निंदेसाठी. खुद्द कुत्र्याच्या भीतीसाठी तिने वेगळा शब्द राखला नाही. घोडा बुजतो, बैल बिथरतो, गुरे उधळतात. कुत्रा मात्र भुंकतो, गुरगुरतो, केकाटतो, विव्हळतो आणि अखेरीस पिसाळतो. त्याच्या आवाजाची आणि आक्रमकतेची नोंद आपल्या शब्दसंग्रहात भरपूर आहे. त्याच्या भीतीचे काम ‘भेदरणे’, ‘बावरणे’ अशा सर्वसामान्य क्रियापदांवर भागविले जाते.

ही उणीव केवळ कोशकाराच्या चिंतेचा विषय असती तर तिच्यासाठी ह्या पत्रिकेची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण भ्यालेला कुत्रा आणि पिसाळलेला कुत्रा ह्यांत गल्लत झाली की त्याचे मोल कुत्र्याला प्राणाने आणि माणसाला कधी चाव्याने, कधी दंगलीने द्यावे लागते. मुंबईच्या इतिहासात तसे घडलेले आहे. ह्या गल्लतीला सर्वांत अनुकूल काळ म्हणजे वादळाचे दिवस. प्रस्तुत टिपणात करी रोड आणि लगतचा परळ-लालबागचा टापू डोळ्यांसमोर ठेवून ह्या गोष्टीचा मागोवा घ्यावयाचा आहे. (जाता जाता : करी रोड हे नाव खाद्यपदार्थावरून आलेले नाही. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे एजंट असलेल्या करी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यावरून ते पडले, असे मुंबईच्या स्थलनामांचे अभ्यासक सांगतात.)

प्रथम ऋतूंचा हिशेब पाहू. मुंबईचा पावसाळा चार महिन्यांचा असला, तरी विजांचा पाऊस चार महिन्यांचा नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कोसळतो, पण त्यात कडकडाट कमी. मेघगर्जना होते ती मुख्यतः दोन सांध्यांवर : मोसमी पाऊस येण्याच्या आधी व येताना, म्हणजे मे ते जूनच्या मध्यापर्यंत, आणि तो परतताना, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात व ऑक्टोबरात. वळीव आणि परतीचा पाऊस ही त्यांची आपली नावे. १३ मे २०२४ रोजी दुपारी धुळीचे जे वादळ मुंबईवर उठले आणि ज्यात घाटकोपर येथे अवाढव्य जाहिरातफलक कोसळून १७ माणसे दगावली, ते पहिल्या सांध्याचे. गडगडाटाला घाबरणाऱ्या जनावराचे वर्षातील कठीण दिवस हेच.

आता १८१३ चा पोलिस नियम पाहावा. त्या नियमाने मुंबई शहरातील बेवारशी कुत्रे मारण्यास दोन मुदती ठरवून दिल्या होत्या : १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. नियम करणाऱ्यांच्या मनात मेघगर्जना नव्हती, उष्मा होता. कडक उन्हाने कुत्री पिसाळतात, ही त्या काळच्या युरोपीयांची दृढ समजूत होती आणि मुंबईचे दोन उन्हाळे, वैशाखातला आणि ऑक्टोबरातला, त्यांनी ह्या समजुतीने आखून घेतले. पण पंचांगाच्या दृष्टीने पाहिले तर ह्या दोन मुदती विजांच्या दोन सांध्यांना येऊन भिडतात. दुसरी तर जवळजवळ त्यांच्यावरच पडते. १८३२ मध्ये उन्हाळ्यातील मुदत १५ जूनपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा पहिल्या सांध्याची उणीवही भरून निघाली, कारण मुंबईत मोसमी पाऊस दाखल होतो तो सर्वसाधारणपणे जूनच्या १०-११ तारखेस.

मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. अशा व्यवस्थेत कोणता कुत्रा रोगी आणि कोणता निरोगी हे निवडीत बसण्याचे शिपायाला काही कारण नव्हते. गडगडाटाने भेदरलेला कुत्रा दिशाहीन धावतो, धापा टाकतो, त्याच्या तोंडून लाळ गळते, डोळे विस्फारलेले असतात, ओळखीच्या हाकेला तो दाद देत नाही. ज्याने पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन केवळ ऐकलेले आहे, त्याला हे सारे त्या वर्णनासारखे दिसणार. मारल्या गेलेल्यांपैकी काही कुत्र्यांचा अपराध वळवाला भिण्यापलीकडे काही नसावा, असे अनुमान येथे करीत आहे. ते अनुमान म्हणूनच घ्यावे.

६ जून १८३२ हा पारशांचा एक पवित्र दिवस होता. त्या दिवशी कोटात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर पारशी जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, व्यवहार थांबला आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीकडे जाणारी रसद अडविली गेली. पुढे लष्कर आले, धरपकड झाली, खटले झाले. इतिहासकारांनी ह्या प्रसंगाचा विचार पारशी समाज आणि कंपनी सरकार ह्यांच्या बदलत्या संबंधांच्या अंगाने केलेला आहे, आणि तो योग्यच आहे. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांची मध्यस्थी आणि १८३४ मध्ये निघालेला भुलेश्वरचा पांजरापोळ हेही त्याच कथेचे भाग होत. तथापि कुत्र्याच्या बाजूने पाहणाराला ह्या दंगलीत आणखी एक गोष्ट दिसते : दोन वेगवेगळ्या वाचनपरंपरा येथे समोरासमोर आल्या होत्या.

पारशांच्या वेंदिदाद ह्या धर्मग्रंथाचा तेरावा फर्गर्द कुत्र्यासंबंधी आहे. त्यात ज्याचे भान हरपले आहे अशा कुत्र्याचे काय करावे, हा प्रश्न स्पष्ट विचारलेला आहे. उत्तर असे की, श्रद्धावान माणसाची शुश्रूषा करावी तशी त्याची करावी. तो औषध घेईना तर त्याच्या गळ्यात लाकडी जोखड अडकवावे, तोंड बांधावे, त्याला खांबाशी जखडावे. कारण तसे न केल्यास तो खड्ड्यात, विहिरीत, कड्यावरून वा नदीत पडेल आणि त्याला झालेल्या इजेचे पाप घरमालकाच्या माथी बसेल. येथे बांधण्याचा हेतू लक्षात घेण्याजोगा आहे. माणसाला कुत्र्यापासून वाचविणे हा त्याचा एक भाग. कुत्र्याला पाण्यापासून आणि कड्यापासून वाचविणे हा दुसरा. ज्यांच्या धर्मात प्रेतावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा, सगदीदचा, विधी आहे, त्यांना आठ आण्यांचा नियम कसा दिसला असेल ह्याची कल्पना करता येते.

आपल्याकडील सुश्रुतसंहितेचा मार्ग निराळा आहे. कल्पस्थानाच्या सातव्या अध्यायात पिसाळलेल्या कुत्र्या-कोल्ह्यांची लक्षणे दिली आहेत : शेपूट, जबडा आणि खांदे लोंबणे, अतिशय लाळ गळणे, ऐकू व दिसू न येणे, एकमेकांवर धावून जाणे. ह्या विषाने बाधित झालेल्या माणसाला पाण्याची जी भीती वाटते तिला तेथे ‘जलत्रास’ म्हटले आहे. वैद्यांनी ह्या उताऱ्याचा खल पुष्कळ केलेला आहे. भाषेच्या विद्यार्थ्याला त्यातील दोन विशेषणे थांबवितात. शेपूट येथे लोंबलेली आहे, घातलेली नाही. आणि कुत्रा बधिर आहे. वादळाने भ्यालेला कुत्रा नेमका ह्याच्या उलट असतो : त्याची शेपूट ताठरून पोटाखाली दाबलेली असते आणि त्याला ऐकू येते ते फार, कमी नव्हे. माणसाच्या कानाची वरची मर्यादा सेकंदास सुमारे २०,००० कंपनांची, तर कुत्र्याची सुमारे ४५,००० ची. शिवाय तो नुसत्या गडगडाटालाच भितो असेही नाही. अंधारून येणे, वाऱ्याचा पालट, विजेचा लखलखाट ही सारी पूर्वचिन्हे तो एकेका पावसाळ्यात गडगडाटाशी जोडून घेतो, आणि मग ढग दूर असतानाच थरथरू लागतो. इतका बारीक भेद सुश्रुताच्या शब्दांत सूचित असताना लोकभाषेत तो उतरला नाही. ‘पिसाळणे’ हे क्रियापद ‘पिसा’, ‘पिसे’ ह्या शब्दांच्या कुळातले आणि त्यांचा संबंध ‘पिशाच’ शब्दाकडे नेला जातो. झपाटल्याची ही कल्पना एकदा मनात बसली की धावणारा, लाळ गाळणारा प्रत्येक कुत्रा तिच्यात सामावून जातो.

ह्या सर्व इतिहासाचे पुढचे पर्व करी रोडच्या दारातच घडले आहे. दंगलीच्या काळात मुंबईचे गव्हर्नर ज्या परळच्या वाड्यात राहत, त्याच वाड्यात पुढे प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा आली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. श्वानदंशावरील लस बनविणाऱ्या संस्थांत तिची गणना झाली. परळलाच १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. करी रोडच्या पुलावरून निघालेला माणूस ह्या तिन्ही ठिकाणी पायी जाऊ शकतो. लस, रुग्णालय आणि शिक्षण असे तिन्ही हाताशी असलेला दुसरा टापू मुंबईत नाही. तरीही महापालिकेने कुत्री मारण्याचे थांबवून निर्बीजीकरणाकडे वळावे ह्याला १९९४ साल उजाडावे लागले. केंद्र सरकारचे त्यासंबंधीचे नियम २००१ मध्ये आले. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. हा प्रशासकीय इतिहास येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

भीती ही स्वतंत्र अवस्था आहे, ती पिसाळणे नव्हे आणि खोडीही नव्हे, हे प्रयोगाने दाखविले गेले ते एका वादळामुळेच. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडला नेवा नदीचा महापूर आला. पाव्हलॉव्ह ह्यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री कोंडवाड्यात अडकली होती. लाटा भिंतींवर आदळत होत्या, झाडे मोडून पडत होती, आणि अशा कल्लोळात त्या कुत्र्यांना लहान लहान टोळ्यांनी पोहवत मुख्य इमारतीत आणून एकत्र ठेवण्यात आले. एरवी एकमेकांच्या अंगावर जाणारी ती कुत्री त्या रात्री भांडली नाहीत. हे शहाणपण नव्हते, भीतीने आलेला गारठा होता, हे पाव्हलॉव्ह ह्यांच्या ध्यानी आले. पूर ओसरल्यावर काही कुत्री पूर्ववत झाली. काहींना मात्र महिनोन्महिने शिकविलेल्या प्रतिक्रिया साफ विसरल्या. अशाच एका कुत्र्याची प्रतिक्रिया बऱ्याच काळाने परत आली, तेव्हा स्पेरान्स्की ह्यांनी खोलीच्या दाराखालून पाण्याची एक बारीक धार आत सोडली. तेवढ्याने सारे पुन्हा कोलमडले. सुश्रुताच्या ‘जलत्रासा’हून हा जलत्रास निराळा : ह्यात विष नाही, स्मृती आहे.

परंतु ह्या प्रयोगमालेतील सर्वांत मोलाची नोंद अनेकदा दुर्लक्षिली जाते. अशा कुत्र्याच्या खोलीत त्याच्या परिचयाचा प्रयोगकर्ता नुसता बसून राहिला, तर हरवलेल्या प्रतिक्रिया परत येत. तो काही करीत नसे. तो तेथे असे.

घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळले तर त्याची भीती ‘लाडावते’, असा एक समज पुढे पुष्कळ वर्षे प्रशिक्षकांत रूढ होता. आजचे पशुवर्तनशास्त्र तो मानीत नाही. भीती ही काही युक्ती नव्हे, की बक्षीस मिळाल्याने ती वाढावी. ड्रेशेल व ग्रेंजर ह्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वादळाच्या ध्वनिमुद्रणाने भित्र्या कुत्र्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोठ्या प्रमाणात वाढलेले आढळले. धन्याच्या मनःस्थितीने त्यात फरक पडला नाही. पण ज्या घरात एकाहून अधिक कुत्री होती तेथे प्रतिक्रिया सौम्य होती आणि सावरणे लवकर होते. म्हणजे सोबतीचा गुण येथेही दिसतो.

आता करी रोडकडे परत यावयाचे. गिरणगावातील चाळींना, मग त्या गिरणीमालकांनी बांधलेल्या असोत वा डिलाईल रोडच्या बी. डी. डी. चाळी असोत, एक लाकडी वा दगडी जिना, त्याच्याखाली अंधारा कोनाडा, आणि प्रत्येक मजल्यावर लांबच लांब सामाईक गॅलरी असे. चाळीचा कुत्रा कोणाचाच नसे व सर्वांचा असे. वीज कडाडली की तो जिन्याखाली शिरे. तेथे भिंत तीन बाजूंनी, छत डोक्याला लागून, उजेड कमी आणि वर सतत माणसांच्या पावलांचा परिचित आवाज. भेदरलेल्या कुत्र्याला काय द्यावे, ह्याची आजच्या पशुवैद्यांची यादी आणि हा कोनाडा ह्यांत फारसे अंतर नाही. कोणी हे ठरवून केले नव्हते. वास्तूची घडणच तशी होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, चाळी पडत गेल्या. मनोऱ्याला उद्वाहन असते, जिना असतो तो अग्निरोधक दारामागे. वाहनतळ असतो, पण त्याला फाटक आणि पहारेकरी असतो. गल्लीतल्या कुत्र्याला उभ्या मोटारीखालचा कोरडा पट्टा तेवढा उरतो. आणि परळ-हिंदमाताच्या सखल भागात पाणी चढू लागले म्हणजे तोही जातो.

घरातल्या कुत्र्यासाठी त्या मानाने पुष्कळ करता येते. कॉटखाली, मोरीत, कपाटाच्या आडोशाला, जेथे तो आपणहून शिरेल ती जागा त्याची मानावी. तेथून ओढून काढू नये. खिडक्या-पडदे लावून पंखा वा रेडिओ चालू ठेवावा. दार उघडे टाकू नये, कारण हरवणारी पाळीव कुत्री अशाच वेळी सुटून धावतात. गळपट्ट्यावर धन्याचा दूरध्वनी क्रमांक असावा. रागावू नये. जवळ बसावे. ज्या कुत्र्याची भीती विकोपाला जाते त्याला मे महिन्याच्या आधीच पशुवैद्याकडे न्यावे. ह्या कामी पूर्वी सर्रास वापरले जाणारे ॲसिप्रोमॅझीन शरीर लुळे करते, पण भीती आत तशीच ठेवते असे दिसून आल्याने ते एकटे देणे आता इष्ट मानीत नाहीत. भीतीवरच काम करणारी औषधे उपलब्ध आहेत आणि ती वैद्याच्या सल्ल्यानेच द्यावयाची. मेघगर्जनेचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात ऐकवून सवय लावण्याचा मार्गही आहे, पण तो कोरड्या ऋतूतला उद्योग; ढग आल्यावर आरंभून उपयोग नाही.

एका बाबतीत वेंदिदादचा आदेश मुंबईला उलटा लावावा लागतो. पाणी भरण्याचा संभव असेल तेथे जनावर बांधून वा कोंडून ठेवू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला (त्याच दिवशी कुलाब्यास जेमतेम ७३), आणि उपनगरांतील तबेल्यांतून म्हशी फार मोठ्या संख्येने बुडून मेल्या. लेनिनग्राडच्या कोंडवाड्याचा धडाही हाच होता. खांबाशी जखडणे हे कड्यापासून आणि विहिरीपासून रक्षण. पाणीच घरात येते तेव्हा सुटलेला गळा हे रक्षण.

आणि भ्यालेला कुत्राही चावतो, हे विसरून चालणार नाही. कोपऱ्यात सापडलेल्याकडे हात नेऊ नये, वाट मोकळी ठेवावी. चावलाच तर तो भ्यालेला होता की पिसाळलेला ह्याचा निवाडा जखम झालेल्याने करीत बसू नये : जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लसीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हा भेद ओळखण्याचा उपयोग कुत्र्याला कसे वागवावे ह्यासाठी आहे. स्वतःची लस टाळण्यासाठी नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलवावीत आणि निर्बीजीकरणानंतर त्याच जागी परत सोडू नयेत, असे म्हटले. त्यामागे श्वानदंशाची खरी चिंता आहे आणि ती क्षुल्लक मानणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि चाळीचा जिना गेल्यावर ह्या टापूतील कुत्र्यांनी वादळासाठी जो आडोसा शोधला, तो स्थानकाचाच होता. हलविलेल्या कुत्र्यांसाठी जे निवारे बांधले जातील, त्यांत गडगडाटाच्या रात्री लपावयास अंधारा कोपरा असेल की चहूकडून उघडी जाळी, ही बाब नकाशावरच ठरावयाची आहे. पत्र्याचे छप्पर हा पावसाचा नगारा होय. लेनिनग्राडच्या कुत्र्यांना दाराखालची धार पुरली होती.

कुत्र्याशी बोलण्याचे मराठीतील उद्गार थोडे आहेत. बोलावण्यास ‘यू यू’, अंगावर सोडण्यास ‘छू’, हाकलण्यास ‘हाड’. शांत करण्यास निराळा उद्गार माझ्या ऐकण्यात नव्हता. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच, नेहमीच्या तारखेच्या पंधरवडाभर आधी, येऊन ठेपला. त्या आठवड्यातील एका सायंकाळी करी रोड स्थानकाच्या पुलाच्या जिन्यावर लोक पाऊस ओसरण्याची वाट पाहत दाटीने उभे होते आणि खालच्या पायरीशी, भिंतीला अंग घासून, एक तांबडा कुत्रा शेपूट घालून थरथरत होता. वीज कडाडली तसा तो लोकांच्या पायांत घुसला. दोघे-तिघे ‘हाड, हाड’ करून मागे सरले. भाजीची टोपली घेऊन बसलेल्या एका वृद्ध बाईने टोपली थोडी बाजूला ओढली, कुत्रा त्या फटीत शिरला, आणि त्याच्याकडे न पाहताच ती म्हणाली, “उगी, उगी.”